प्रागची भिंत आणि आपलं बारसं

प्रिय रूपाली,

डिंकाच्या लाडवांच्या डब्यात चिठ्ठी बघून हसशील. फोन केला असता, पण भूपेंद्र तो लगेच स्पीकरवर टाकणार आणि ओट्यावर बसलेलं निम्मं कळसाडी ऐकणार. समोर यायची तर मला बंदीच आहे. प्रागहून आणलेली सर्दी अजून नाक सोडत नाही आणि डॉक्टरांनी बजावलंय, बाळाच्या आसपास फिरकायचं नाही. नंदुरबार ते कळसाडी एवढंसं अंतर आणि सख्खी आत्या भाचीला मोबाईलमध्ये बघतेय! तिचं नाक मात्र आमच्याकडचं आहे, त्यावर वाद नको. माझ्यासाठी तुम्ही बारसं पुढे ढकललंत, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. येत्या गुरुवारपर्यंत मी ठणठणीत होऊन येते. लाडू रोज खा, भूपेंद्रला देऊ नकोस.

आमची सहल झकास झाली. काजलने तिथल्या नोकरीतून सुट्टी काढून आम्हा आईबापांना सगळं फिरवलं. आमच्या हेमकांतरावांनी तीन स्वेटरांवर कोट, कोटावर मफलर असा थाट केला होता. बर्फात उभे राहिले की कापसाची गाठच ठेवल्यासारखे दिसायचे. किल्ला झाला, पूल झाला, नाताळची जत्रा झाली. मग एक दिवस काजल म्हणाली, आज ज्यू लोकांच्या जुन्या वस्तीत जाऊ, पण तिथे फोटो काढत हिंडायचं नाही.

त्यांचं प्रार्थनाघर असतं, तिथे पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. दारातच ह्यांना एक छोटी कागदी टोपी दिली. मफलर काढून ती टोपी टकलावर बसवताना मला हसू आवरेना. आत गेले आणि हसू तिथेच थांबलं. रूपाली, त्या घराच्या भिंती जमिनीपासून वरपर्यंत नावांनी भरल्या आहेत. महायुद्धात हिटलरच्या माणसांनी त्या मुलखातले जे ज्यू मारले, त्यांची नावं. आडनाव लाल रंगात आणि पुढे घरातली एकेक माणसं, जन्मतारखेसकट. कितीतरी मुलं होती. ही नावं एकदा पुसली गेली होती म्हणे, मग लोकांनी पुन्हा बसून लिहिली. ह्यांनी मान वर करून अगदी वरच्या ओळीपर्यंत पाहिलं. मग हळूच म्हणाले, “हाई बठ्ठं हातनं लिखेल शे का वं काजल?” ती म्हणाली, हो, सगळं हातानेच. ह्यांनी तोंड फिरवून मफलरने डोळे पुसले, आणि मीही पुसले.

बाहेर जुनी दफनभूमी आहे, एकमेकांवर रेललेले दगड. लोक फुलं ठेवत नाहीत, खडा ठेवतात. आम्हीही एकेक ठेवला. तिथल्या एका वयस्क बाईंनी काजलला सांगितलं की त्यांच्यात बाळाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव देतात. त्यांचं स्वतःचं नाव त्यांच्या आजीच्या बहिणीचं होतं, आणि त्या आजीच्या बहिणीचं नाव त्याच भिंतीवर होतं. मला इतकं बरं वाटलं! मी काजलला म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडेही बाळ झालंय आणि नाव मीच ठेवणार आहे. बाईंनी माझा हात धरून ठेवला.

कारण आपल्याकडे ते ठरूनच गेलंय ना. जाताना विमानतळावर मुलगी झाल्याचं कळवायला भूपेंद्रचा फोन आला, त्याच दमात तो म्हणाला, “आक्का, नाव तर ठरेल शे, आपली मायनंच.” मागून तुझा बारीक आवाज आला, “जशी तुमनी मर्जी, आक्का.” मलाही तेच हवं होतं. आईला जाऊन वर्ष झालं नाही. घरात पुन्हा तिच्या नावाने, तापी अशी हाक ऐकू येईल म्हणून मी विमानात बसल्या बसल्या रडून घेतलं. आणि खरं सांगते, ज्या सासूचं नाव कधी तोंडातून काढलं नाहीस, तिच्याच नावाने तू रोज ओरडणार, तापे, दूध पी, तापे, चिखलात जाऊ नको, या विचाराने हसलेही होते.

पण त्या भिंतीसमोर एक नाव माझ्या नजरेत अडकलं. एकाच बाईचं, मागेपुढे घरचं कोणी नाही. मी काजलला विचारलं, ही कोणाची आई असेल गं? ती म्हणाली, आता विचारायचं कोणाला, मम्मी? त्यांच्यावर जे गुदरलं ते आपल्या कशाशीच मोजायचं नाही, एवढं मला कळतं. तरी तिथे उभ्या उभ्या मला तूच आठवलीस. तू सहा वर्षांची असताना आई-वडील गेले, खांडबाऱ्याला सुकलालकाकांनी वाढवलं. लग्नपत्रिकेत ‘कै.’ लावून वडिलांचं नाव होतं, आईचं नव्हतंच. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपणसुद्धा सासरी झालं. तुझी आई ज्वारीचे बिबडे पापडासारखे इतके पातळ थापून वाळवायची की पलीकडचं दिसायचं, हे तूच एकदा सांगितलंस. आम्हाला तेवढीच ठाऊक.

आमच्या आईचं काय गं, दारावर ‘तापी निवास’, ट्रॅक्टरवर तापीमाई, घरातल्या प्रत्येक पातेल्यावर तिचं नाव. शिवाय त्याच नावाची एवढी नदी वाहतेय. भूपेंद्रला मी बघून घेईन. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पाठीत बायकांचे बुक्केही तीच खाते, तर ऐकावंही तिचंच लागेल. तुला दुसरं नाव नको असेल तर तापी आहेच, मी तेही आनंदाने सांगेन. पण गुरुवारी पाळण्याशी वाकायच्या आधी मला एक गोष्ट कळायला हवी, नऊ वर्षांत आमच्या घरात कोणी तुला विचारली नाही ती. रूपाली, तुझ्या आईचं नाव काय होतं?

तुझीच,
कामिनीआक्का