न मावणारा ठोका

२ जून २०१३, वाघोली
माझ्या हातांनी केलेलं: दोन रेडिओ, एक इन्व्हर्टर, हमीदाच्या खाटेची चाकं आणि हे ठोके मोजायचं यंत्र. डिग्री नाही, नारायण पेठेत दुरुस्तीचं दुकान मात्र तीस वर्षं चालवलं. आज नव्या फ्लॅटमध्ये आलो. लिफ्ट आहे, हमीदाच्या हृदयाला आता जिना नाही. तिच्या बोटाला चिमटा, तिथून वायर, डब्यावर दर ठोक्याला लुकलुकणारा दिवा आणि आकडा: आजपासूनचे सगळे ठोके. पुरा ठोका एक, अशक्त ठोका चार दशांश. पूर्णांकात काय, कोणीही मोजेल. हमीदा म्हणाली, अहो, मंडईत सोनंसुद्धा विकायला ठेवलं तरी कोणी इतकं काटेकोर तोलणार नाही.

१० जुलै
खालच्या मजल्यावरची हेमा, सॉफ्टवेअरवाली, यंत्र बघून गेली. म्हणे मकसूदकाका, मस्तय, पण दशांश कशाला, साधा इंटिजर घ्या ना. मी विचारलं, अर्धा दिवस भरला तर तुझी कंपनी पुरा पगार देते का? हमीदा पोट धरून हसली. बरी आहे.

२५ ऑगस्ट
आकडा ८३,८८,६०८ ला पोचला आणि त्यापुढे अशक्त ठोके मोजले जाईनात. दिवा लुकलुकतो, आकडा हलत नाही. हेमाने समजावलं: यंत्रात अंकांना जागा ठरलेली. आकडा फुगला की दशांशचिन्ह सरकतं, शेपटाचे अंक बाहेर पडतात. चार दशांश मिळवा, बेरीज तीच. आकडा दुप्पट झाला की एकसुद्धा मावणार नाही. पोरीचं खरं आहे. तसं तिला म्हणालो नाही.

२ सप्टेंबर
दुपारी हमीदाचं मनगट धरून बसलो होतो. दिवा लुकलुकला, आकडा हलला नाही, आणि तेवढ्यापुरतं माझ्या मुठीत मनगट नव्हतं. समोर उशी होती, खोलगट. पुढच्या पुऱ्या ठोक्याला हमीदा होती, लसूण सोलत, बोलत. मधला एक शब्द गेलेला. तिला काही कळलं नाही.

१४ ऑक्टोबर
आता मिनिटामिनिटाला. चिमटा जरा सैल करून पाहिला — ती पुसट झाली. पुन्हा घट्ट लावला. दुरुस्त करायचं तर आकडा आधी शून्यावर न्यावा लागेल. चार दशांश गळले तर ती जाते. शून्यावर नेला तर —

९ नोव्हेंबर
हमीदा म्हणाली, अहो, असं काय बघताय, मी कुठे पळून — उशी. उशी. मग हसत, चाललेय?
आकडा रोज लाखाने वाढतोय. ठोका पडावा म्हणून दुआ मागतो. पडू नये म्हणूनही.

१७ नोव्हेंबर
१,६७,७७,२१६. थांबला.
दिवा लुकलुकतोय. ठोके पडताहेत. चिमटा हवेत, मिटलेला. वायर ताणलेली. खाटेवर —
परवा हेमा दारात आली होती. काका, काकूंना हॉस्पिटलात हलवू, तिथलं मशीन लावू, सगळा नव्वद हजारांचा खर्च आमच्या कंपनीची मदतसंस्था भरेल, गाडी खाली उभी आहे. चिमटा निघाला तर काय होईल, हे तिला कसं सांगणार. म्हणालो, माझं यंत्र चुकत नाही. आतून हमीदा म्हणत होती, अहो, जाऊ या ना. मी दार लावलं. नव्वद हजार भरणार होते. नव्वद हजार, आणि मी —