अव्वाचे टाके आणि माझं भाषण

सोलापूर, १२ डिसेंबर १९७४

सौ. शिवक्का हिला धाकट्या भावाचा, पंचाक्षरीचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग घालायला दवाखान्याच्या आवारात जागा नाही, जिकडेतिकडे लोकांचे जेवणाचे डबे आहेत.) नातेपुत्याला थंडी कशी आहे, भावजींचा दमा दबला का, दुकानात नवी तूर आली का, ते कळव. अव्वा ठीक आहे. तू पत्र उघडून आधी हेच वाक्य शोधशील, म्हणून ते लवकर लिहिलं. आता ठीक म्हणजे नेमकं कसं, ते सावकाश सांगतो.

डॉक्टरांनी पोटातली गाठ काढली, टाके घातले, आणि अव्वानं शुद्धीवर येताच माझ्या बायकोला विचारलं, "नीले, म्हशीला पाणी दावलीस का?" मला वाटलं, सुटलो. पण आपल्या माणसांत ऑपरेशन संपलं की मग भेटायला येणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. लग्नाला आला नाही तर चालतो, दवाखान्यात आला नाही तो माणूस जन्मभर लक्षात राहतो. त्यामुळे अक्कलकोटकडून रुद्रप्पामामा घरदार घेऊन आला, काशम्माकाकू आली, तिच्या जावा आल्या. प्रत्येकानं एस.टी.ची धूळ अंगावर घेऊन खाटेवर बैठक मारली, मठातली विभूती अव्वाच्या कपाळाला लावली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "बघू की, कुटं चिरलंय?" की चादर वर. काशम्माकाकूनं तर टाक्यांवरूनही विभूतीचं बोट फिरवलं. ("देवाचं हाय, त्यानं काय होतंय?") आणि मी, अक्का, सगळ्यांना बसा बसा म्हणत चहा मागवत होतो.

दोनच दिवसांत टाक्यांचा एक कोपरा लाल झाला आणि अव्वाला ताप चढला. शेजारच्या खाटेवरच्या चिमाबाईची जखम अशीच पिकली आणि पुन्हा उघडावी लागली होती. डॉक्टर म्हणाले, तुमच्या आईचं हृदय दुबळं आहे, तिला दुसऱ्यांदा भूल द्यायची वेळ आणू नका. सिस्टरनं हुकूम काढला, खाटेपाशी एकच बाई राहील, तीही हात धुऊन.

तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट पटली की ती मला एकट्याला पटून भागत नाही. मी वाचनालयातून जंतूंवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, ते एका बैठकीत संपवलं, आणि दुपारी भेटीच्या वेळेला व्हरांड्यातल्या बाकावर उभा राहिलो. "बंधुभगिनींनो, हा ताप देवाचा कोप नाही, हा तुमच्या-माझ्या बोटांचा पराक्रम आहे," अशी सुरुवात केली. भाषण रंगलं. (गिरणीच्या फाटकावर संपाच्या वेळी केलेल्या भाषणानंतर इतकं रंगलेलं मला आठवत नाही.) गर्दी करू नका, हे मी इतक्या पोटतिडकीनं सांगितलं की ऐकायला पुरुषांच्या वॉर्डातले पेशंटही उठून आले. एकजण स्वतःची सलाइनची बाटली स्वतःच उंच धरून उभा होता. फाटकावरचा शेंगावाला टोपली घेऊन आत शिरला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून ते पुढं सरकले, पुढचे बायकांच्या वॉर्डात ढकलले गेले, आणि खाटेला शिवू नका असं मी म्हणालो तेव्हा एक पैलवान इतका भारावला, की तो अव्वाच्या पायथ्याशी बसून डोळे पुसू लागला. सिस्टरनं मला दंडाला धरून बाकावरून उतरवलं. तेव्हापासून मला वॉर्डाची बंदी आहे. हे पत्र आवारातल्या कडुलिंबाखाली बसून लिहितोय.

पुढचं काम अव्वानंच केलं. खाटेवरूनच म्हणाली, "नीले, दारात पाणी आणि साबण ठेव. जो येईल त्याला आधी धू, मग बोल." हे नीलम्मानं बाहेर येऊन सांगितलं आणि मी इथं बसल्या बसल्या आपल्या जुन्या घरी पोचलो.

तुला गोवर आला होता ते आठवतं ना? माजघराच्या दाराला लिंबाचा डहाळा, आणि दारात तांब्या घेऊन अव्वा. अप्पा गिरणीतून आले की अंगणातच उभे राहायचे, हातापायांवर पाणी पडल्याशिवाय त्यांना स्वतःच्या घरात प्रवेश नव्हता. मठाचे स्वामी समाचाराला आले, तर तिनं त्यांचेही पाय धुतले. स्वामींना वाटलं, पादपूजा. त्यांनी डोळे मिटून आशीर्वाद सुरू केला. तोवर अव्वानं त्यांचे हात धरले, शिकेकाईनं कोपरापर्यंत घासले आणि म्हणाली, "स्वामी, नखं लई वाढल्यात." आतून तू फिदीफिदी हसत होतीस. मी दाराच्या फटीतून तुला चिंचा पुरवत होतो, सापडलो, आणि स्वामींच्या मागोमाग मलाही घासलं. ते अंगण आता दुसऱ्याचं आहे, अप्पा नाहीत, आणि आपल्याला धरून घासणारं माणूस खाटेवर आहे. वारा आला की या झाडाचा तोच वास येतो आणि मला कागदावरची पुढची ओळ दिसत नाही.

आता नीलम्माबद्दल. या वॉर्डात जितके पेशंट खाटांवर आहेत, तितक्याच सुना, लेकी, बहिणी खाटांखाली राहतात, आणि त्यांचा ताप कुणी मोजत नाही. (हे वाक्य मी भाषणात घालायला हवं होतं.) येणारा प्रत्येकजण तिच्याकडून ऑपरेशनची हकिकत पहिल्यापासून ऐकतो आणि "म्हातारीला जप बरं का" असं बजावून जातो. तू जेवलीस का, असं अजून एकानंही विचारलं नाही. मी विचारलं. "कशावर बसून जेवू? दाराबाहेरच्या स्टुलावर तुमचे मामा आहेत," म्हणाली. तिचे पाय सुजलेत. झोप येते ती खाटेच्या कडेला डोकं टेकून. तिच्या जागी मी बसलो असतो, पण बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला राहू देत नाहीत, आणि मला तर दिवसाही नाही.

भावजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
पंचाक्षरी

ता. क. – भावजींनी कळवलंय की सोमवारी तुरीचा ट्रक सोलापूरला येतोय आणि त्यात तुम्ही सगळे, शिवाय शेजारची दोन घरं, अव्वाला भेटायला येताय. कृपा करून येऊ नका. रागावलात तरी चालेल. अव्वा घरी आली की सगळ्यांना गव्हाची गोड हुग्गी खायला बोलावतो.

ता. क. २ – तू मात्र ये. एकटी, एस.टी.नं, राहायच्या तयारीनं. तूर भरायच्या दिवसांत घर सोडून ये म्हणायला जीभ रेटेना, म्हणून एवढं लांबण लावलं. नीलम्माला झोप मिळायला हवी.

ता. क. ३ – शिवक्का, मी नीलम्मा. यांनी पत्र वाचायला आत पाठवलं, तेवढ्यात हे लिहिते, आणि पाकीट मीच चिकटवते. आत्याबाईंचा ताप सकाळीच उतरला, टाकेही सुकू लागलेत. यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की हे पुन्हा बाकावर चढतील. तुम्ही या आणि आल्यावर तुम्हीच सांगा. तोवर मी झोपलेली असेन.