न घेतलेल्या कर्जाची थकबाकीदार

नेकनूर, ६ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

बबिताचा सा. दं. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, आन मी ओरडले की तुझ्याआदी माझ्या शेजारणीला सगळं कळतं. म्हणून पत्र. कानाला मशीन लावून घे म्हणून सांगून जीभ झिजली. पर तू म्हणतीस, जलमभर अंगणवाडीत लेकरांचा कल्ला ऐकला, आता जरा शांतता पायजे. ऱ्हा मग शांत.

आदी चांगलं सांगते. केजला बाजारतळापाशी सुंदररावांचा गाळा मिळतोय. शेरडामेंढरांना लस टोचत गावोगाव हिंडते तर सगळे हेच इचारतात की पेंड कुठं भेटती, चाटायची मिठाची वीट कुठं भेटती. म्हणलं, आपणच दुकान टाकू. जीवन पण हो म्हणले, आन तुझ्या जावयाचं हो म्हणजे किती महाग असतं ते तुला ठावं हाय. सुंदरराव दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणलेत. पुढं गाळा दुसऱ्याचा.

आता वाईट. कर्जाला बँकेत गेलते. साहेबांनी कॉम्प्युटरात बघितलं आन तोंड वाकडं केलं. म्हणले, बाई, तुमच्यावर बायांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचं चाळीस हजाराचं कर्ज थकलंय, तुमची पत खराब हाय, आमी काही देऊ शकत न्हाई. आत्या, मी जलमात कर्ज काढलं न्हाई! मागं उभी असलेली माणसं माझ्याकडं अशी बघाया लागली की मी कुणाची कोंबडीच चोरली. रिपोर्टाचा कागद घेऊन बाहेर आले आन एसटीत रडत बसले.

घरी येऊन डोकं चालवलं तवा उलगडा झाला. ते कर्ज थोरल्या जावंचं, सुनिताबाईचं. तिनं मेंढ्या घ्यायला काढलेलं. दिवाळी झाली की ती आन थोरले दीर ऊसतोडीला जातात. इकडं गटाच्या बैठकीत एका बाईची जागा रिकामी दिसली तर सगळ्याजणींना ताटकळत ठिवतात. म्हणून मी तिच्या जागी बसायची आन ती ठिवून गेलेला हप्ता भरायची. आमच्यात सगळ्याच घरी असं चालतं. त्या मोसमात कंपनीच्या माणसानं नव्या मोबाईलात बायांचे फोटो घेतले, आधार घेतलं. जावंच्या जागी मी बसलेली, मी पण देऊन मोकळी झाले. चूक ती तिथं. परत आल्यावर तिनं तिचं सगळं फेडलं, तिच्या नावावरचं मिटलं, आन तेच कर्ज माझ्या नावावर उभंच ऱ्हायलं.

तिला म्हणलं, चल माझ्यासंगं आन सांग की कर्ज तुझं होतं. तर तोंड फिरवून शेण काढायला गेली. मी लई बोलले तिला. आता आमची बोलाचाली बंद हाय.

तुझ्या मायेची भुकेली,
बबिता

धर्मापुरी, १२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. बबितास,

आत्याचे अ. आ.

पत्र भेटलं. दोन जागी शाई फुटलीय, म्हणजे रडत लिवलंस. येडे, जे कर्ज घेतलंच न्हाई त्याच्यासाठी रडतीस कावून? घेणारे तर खुशाल फिरतेत.

शेजारची राजनंदिनी परळीला बँकेत हाय. तिला इचारलं. ती पाटीवर लिवती, मी वाचते, असा आमचा कारभार. ती म्हणली, ज्या कंपनीनं हा रिपोर्ट बनवला तिच्याकडं मोबाईलवरून तक्रार टाकायची, फुकट हाय. ते मग फायनान्सवाल्यांना इचारतेत. तीस दिवसांत निकाल लागला न्हाई तर पुढं रोजचे शंभर रुपये तुला द्यावे लागतेत. हे वाचून मी पाटी दोनदा पुसून पुन्यांदा लिवायला लावली. आन तिनं एक इचारायला सांगितलं: चाळीस हजार उतरले ते कुणाच्या खात्यात? तुझ्या तर न्हाई ना? मग बोल त्यांना.

आता दुसरं. सुनिता वाईट न्हाई, ती भेलीय. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला गटाबिगर कोण पैसा देतं? तिला वाटलं असल, कबूल केलं तर फेडलेलं पुन्यांदा फेडाया लावतील. तू गेलीस ती वाघिणीवाणी डरकाळी फोडत. ती बोलंल कशी? तिच्यापाशी जा, भाकरी थापू लाग, मग इषय काढ. तुझी जीभ आमच्याच घराण्यातली हाय, म्हणून मला तिचा अंदाज हाय.

जावईबापूला सांग, आत्या दुकानात उधारीवर पेंड नेणार हाय.

लोभ हाय तो वाढव, राग हाय तो कमी कर.
चतुराबाई

नेकनूर, १७ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सा. दं.

थोडक्यात लिहिते, डोकं फिरलंय. तू सांगितलं तशी त्याच आठवड्यात तक्रार टाकली. पैसा कुणाच्या खात्यात उतरला ते पण इचारलं. काल उत्तर आलं की फायनान्सवाल्यांनी तपासलं, माहिती बरोबर हाय. बरोबर! खात्याचं तर नाव पण काढलं न्हाई. सुंदररावांकडं गाळा बघायला दुसरा माणूस येऊन गेला.

जावंशी बोलले. तू म्हणलीस तसंच निघालं. ती रडली, मी रडले, भाकरी करपली. तरी फायनान्सच्या कचेरीत यायचं म्हणलं की ती उठून गोठ्यात जाती. मी पण मग जोर केला न्हाई.

काय करू?
बबिता

धर्मापुरी, २० सप्टेंबर २०२४

चि. बबितास अ. आ.

पत्रं काय लिवत बसलीस? बाया गोळा कर आन कचेरीत जा. एकटी गेलीस तर उद्या या म्हणतेल. पंधराजणी गेल्या तर खुर्च्या पुसतेल.

तुझी खमकी,
आत्या

केज, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ती. आत्यास,

आज सा. दं. तर घेच, वर गळामिठी पण घे!

जिंकलो! सगळं सांगते, डोळे नीट पुसून वाच.

गटाच्या सगळ्या बाया तयार झाल्या. आमच्यातली म्हातारी साखराबाई, तिला गुडघा धरून चालावं लागतं, तरी ती जीपमध्ये पुढच्या सीटवर. जीप सुटणार तेवढ्यात जाऊ पळत आली. नवं लुगडं नेसलेली, हातात तिचं बँकेचं पासबुक. माझ्या मांडीला मांडी लावून बसली. आत्या, मी तिचा हात केजपर्यंत सोडला न्हाई.

कचेरीत सत्यम नावाचा नवा साहेब होता. म्हणला, वरून आलंय, माझ्या हातात काही न्हाई. मी खात्याचं इचारलं तर म्हणला, उद्या या. तवा सुनिताबाई उठली. साऱ्या जलमात मुकादमापुढं जिचा आवाज निघाला न्हाई, ती म्हणली की साहेब, पैसे माझ्या खात्यात आले, मेंढ्या मी घेतल्या, फेडले बी मी. माझ्या जावंनं फक्त माझी जागा राखली. तिचं नाव खराब करायचं असल तर आदी माझं करा.

साहेबानं कॉम्प्युटर उघडला. पैसा जावंच्याच खात्यात उतरलेला, एका कर्जाच्या दोन नोंदी झालेल्या. त्यानं तिथल्या तिथं वर फोन लावला, चूक कबूल केली आन लिहून दिलं.

आमी निघालो, तर साखराबाईनं दार अडवलं. तुला ठावं नसल, दर बैठकीला हप्ता द्यायच्या आदी आमाला उभं करून, हात पुढं करून शपथ म्हणाया लावतात की आमी वेळेवर भरू, कुणाला बुडवणार न्हाई. साखराबाई म्हणली, आमी इतकी वर्सं शपथ घेतली, आता साहेबांनी घ्यावी. सत्यम हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करती. कुणीच हसंना. मग उठला बिचारा, हात पुढं केला, आन साखराबाई सांगंल तसं म्हणला की मी एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर टाकणार न्हाई, आन न बघता बरोबर हाय म्हणणार न्हाई. बारीक आवाजात म्हणला म्हणून दुसऱ्यांदा म्हणाया लावलं. त्याचे कारकून पण उभे ऱ्हायले!

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट निघाला, माझ्या नावावर कसलंच कर्ज न्हाई. उशीर केला त्याचे रोजचे शंभर पण खात्यात पडले. राजनंदिनीला माझ्याकडून पेढे दे. बँकेच्या साहेबांनी परवा स्वतःहून फोन करून बोलावलं, कर्ज मंजूर झालं म्हणले आन आपल्या हातानं खुर्ची सरकवली. मी पण सावकाश बसले.

आज सकाळी सुंदररावांनी किल्ली दिली. हे पत्र गाळ्यातच लिहिते, जमिनीवर बसून, कारण टेबल अजून आलं न्हाई. जीवन पाटी ठोकतेत, ती तिरकी झालीय आन त्यांना ती सरळ वाटती. सुनिताबाई झाडून घेती आन गिऱ्हाईक आलं की माझ्याआदी तीच भाव सांगती, तो पण चुकीचा. सांगू दे. आज काही बी सांगू दे.

माझी माया पेंडीच्या पोत्यासंगं धाडते, उधारी मात्र न्हाई.

दुकानदारीण,
बबिता