खाचेतलं ग्लिसरीन

लीड्स, १४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप बाबांना मालूचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मागच्या पत्रात मी कळवलं होतं, की लोह असलेल्या एका एन्झाइमच्या खाचेत आमचं औषध कसं बसतं ते मला क्ष-किरणांनी दिसलं. तुम्ही चेंदणीच्या कोळीवाड्यात पेढे वाटलेत. बाबा, ते औषध नव्हतं. क्ष-किरणांखाली धरायचा त्या एन्झाइमचा स्फटिक गोठवताना तडकू नये म्हणून मीच ग्लिसरीन घातलं होतं, तेच तिथे जाऊन बसलं. मला जे हवं होतं तेच मी पाहिलं.

हे कळून पंधरा दिवस झाले. आमच्या प्रयोगशाळेचे सर त्या खाचेचं चित्र येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात आणि मी शेजारी गप्प उभी राहते.

जाळं रिकामं आलं की तुम्ही होडीतूनच हात हलवून सांगायचात, काठावर बायका टोपल्या घेऊन ताटकळू नयेत म्हणून. मला तेवढंही जमलं नाही.

आता हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मग सरांकडे जाते. एकदा टाकलं की मला मागे फिरता येणार नाही.

तुमची,
मालू