बॉनेट कोमट होतं

प्रिय ठकू,

मागच्या मंगळवारी सकाळी मी त्या दंतवैद्यांच्या दारात ठरल्या वेळेच्या तासभर आधीच जाऊन उभा राहिलो. मुद्दामच. तू हेरून ठेवलेली ती निळी, दोन सीटांची गाडी घराशेजारच्या शेडमध्ये होती. त्यांचं नाव-गाव विचारायच्या आधी मी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट होतं. जुनी गाडी विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलेलं दिसलं की मी सावध होतो. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना कसं खोकतं, किती धूर सोडतं, तेच तर बघायचं असतं. ते म्हणाले, तुम्हाला चक्कर मारता यावी म्हणून आत्ताच पेट्रोल भरून आणलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. मग इंजिन निवेपर्यंत दोन तास त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. त्यांनी दोनदा चहा विचारला, मी दोनदा नको म्हटलं. चहा घेतला की माणूस मऊ पडतो.

तुझी आई म्हणते, हा माणूस आरशातल्या स्वतःकडेही ओळखपत्र मागेल. म्हणू दे. तुझी सगळी शिल्लक त्या गाडीत जाणार आणि तिच्यात बसून तू वळणावळणाच्या रस्त्याने सुसाट निघणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी काही सोडलं नाही. टायरच्या कडेवर छापलेली साल वाचली. मागचे दोन नवे, पुढचे नऊ वर्षांचे, नक्षी शाबूत पण रबर दगडासारखं. तेलाच्या झाकणात बोट फिरवलं, कारण तेलात पाणी जात असेल तर तिथे सायीसारखा पांढरट थर धरतो. नव्हता. मीटरवरचा आकडा आणि क्लचच्या पेडलची झीज जुळते का, तेही पाहिलं. जुळत होती. एका किल्लीत इंजिन सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. चक्कर मारली तेव्हा गिअर इतके अलगद पडत होते की मला तुझा हेवा वाटला. खरं सांगायचं तर सगळंच इतकं चांगलं निघालं म्हणून माझा संशय आणखी वाढला.

मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक गाडीच्या अंगावरून फिरवलं. दारांना चिकटलं, पुढे चिकटलं, मागच्या चाकावरच्या फुगवट्याशी मात्र हातातून निसटायला लागलं. म्हणजे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर. डिकी उघडली तर आतला गालिचा नवाकोरा. पंचवीस वर्षांच्या गाडीत एकच वस्तू नवी असली तर मी ती उचलून बघतोच. खाली पत्र्याचे सांधे बुजवायचं काळं सीलर होतं, पण ते कारखान्यातल्यासारखं एका सरळ रेषेत नव्हतं, ब्रशने फासलेलं होतं. नखाने खरवडत सीटच्या पाठीमागपर्यंत गेलो. तिथे या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा जोड होता. ठकू, ती एक गाडी नाही. एक पुढून चेपलेली आणि एक मागून चेपलेली, अशा दोन गाड्यांचे धड उरलेले अर्धे कापून एकत्र जोडले आहेत. रोजच्या चालवण्यात कळायचंही नाही. पण जोराची धडक बसली तर ती बरोबर तिथेच फाटेल, तुझ्या पाठीच्या मागे वीतभर अंतरावर.

आणि त्या जोडाच्या डाव्या टोकाला पंचाच्या टोकदार खिळ्याने मारलेले तीन बारीक ठिपके होते. जोडकाम सुरू करताना देवाचं नाव घेऊन मी पत्र्यावर तीन ठिपके मारतो. लहानपणी गॅरेजात येऊन तू ते बोटाने मोजायचीस. हा जोड मी घातला होता.

दंतवैद्यांनी मागून विचारलं, काय सापडलं का हो? मी गालिचा परत अंथरला आणि म्हटलं, काही नाही, गंज बघत होतो. तो भला माणूस काही लपवत नव्हता, त्याने दहा वर्षं ती गाडी स्वतः चालवली आहे. लपवणारा त्या शेडमध्ये एकच होता. संध्याकाळी तुला फोनवर सांगितलं की गिअरबॉक्स गेलेला आहे, नाद सोड. ते खोटं होतं. मला वाटलं, तेवढ्याने भागेल. तर तू म्हणालीस, एवढंच ना, मग गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करून घेऊ, मैत्रिणीचा भाऊ तेच काम करतो, रविवारी तो बघेल आणि लगेच मी कागदांवर सही करीन. वर टोमणाही मारलास, बाबा, तुम्हाला गाडी वाईट वाटतेय की मी ती चालवलेली? त्यानंतर मी दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवून दिला. तुझा तो गिअरबॉक्सवाला बघणार, गिअरबॉक्स ठणठणीत आहे म्हणणार, बाबा नेहमीसारखे उगाच शंका काढतात म्हणून तुम्ही हसणार आणि गालिचा कोणीच उचलणार नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तू जेमतेम वर्षाची. जुन्या गॅरेजच्या मालकांनी दोन अर्धे पुढ्यात ठेवले. मी विचारलं, हे रस्त्यावर जाणार आहे का? ते म्हणाले, पत्रा जोड, चौकशा जोडू नकोस. मी जोडला. चांगलाच जोडला, म्हणून तर इतकी वर्षं टिकला. कामाची गरज होती हे खरं, पण नुसतं तेवढंच खरं नाही. दोन गाड्यांची एक करून दाखवता येते, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आणि असल्या कामावर मी देवाचं नाव घेतलं. मंगळवारपासून प्रार्थनेला डोळे मिटले की तो जोडच दिसतो. लोकांचं खोटं मला लांबून ओळखू येतं, याला मी आजवर अनुभव म्हणत आलो. तो अनुभव कुठून आला, ते कधी तपासलं नाही.

काल, गुरुवारी, मी पुन्हा दंतवैद्यांकडे गेलो, गालिचा उचलला आणि सगळं दाखवलं. ते म्हणाले, माझी नात या गाडीत बसत होती हो. तिथून आम्ही दोघं वाहनांची नोंदणी होते त्या कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध? मी म्हटलं, माझ्या. तो वैतागला, म्हणाला, अहो, या अर्जात तसा रकाना नाही. शेवटी कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. आता ती गाडी विकता येणार नाही. हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल. रविवारी दंतवैद्य तुला सांगतीलच, पण त्यांच्या आधी तू माझ्याकडून ऐकावंस म्हणून लिहिलं. अजून एक गोष्ट आहे, ती तुझ्या आईलाही माहीत नव्हती. त्या वर्षी मी अशा तीन गाड्या जोडल्या होत्या. बाकीच्या दोन कुठे आहेत, त्यांत आज कोण बसतं, मला ठाऊक नाही. त्यांचे रंग, साल, गॅरेजच्या मालकांचं नाव, जेवढं आठवलं तेवढं सगळं कागदावर लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि सही करून दिली.

तुला चालत असेल तर अजूनही तुझाच,
बाबा