झाकलेला इस्तू

चुलीतला इस्तू विझला तुमच्या हातानं आन् कसूर लागला माझ्या पायाला. आत्याबाई, सासू म्हणून तुमचं सगळं गिळलं, एवढं एक अजून नरड्यात हाय. तुमाला जाऊन लय वर्षं झाली, पण आज माझ्या नातीला तसंच बोलणं बसलं म्हणून लिहायलेय.

सांजच्याला चुलीतला निखारा तुमी राखेखाली झाकून ठेवायच्या, काडेपेटी वाचावी म्हणून. दुसऱ्या कुणी राख उकरायची न्हाई. सकाळी तुमी फुंकर मारून बी बघायच्या न्हाई, सरळ वर लाकडं रचायच्या. कापसाच्या पळाटीचा निखारा त्यो, कितीक टिकंल? चूल गार निघाली की सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "नवी आली आन् चूल थंडी झाली. पाय बघा हिचा!" मग खापरात इस्तू मागायला शेजारी मीच जायची. हाताची हळद बी गेली नव्हती.

आता नात हितं पिंगळीला घरी बसून कंप्युटरवर काम करती. ट्रॅव्हल्सची तिकिटं काढायची साइट, पर्ल नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेली. नोकरी अजून पक्की न्हाई. रोज सकाळी पहिलं तिकीट काढायला गेलं की साइट बंद पडती. साहेब फोनवर ओरडायलाय, मी शेंगा फोडत ऐकायलेय, "तू आलीस तेव्हापासून हे सुरू झालंय. चूक लेखी कबूल कर."

फोन ठेवून पोरगी म्हणली, "आज्जी, डेटाबेसशी दरवेळी नवी जोडणी करायला वेळ लागतो. म्हणून एकदा केलेली जोडणी प्रोग्राम धरून ठेवतो. रातभर कुणी वापरली न्हाई की डेटाबेस तिकडून तोडतो. प्रोग्रामला वाटतं, हाय अजून हातात. आधी हाक मारून बघायची एक ओळ होती, जोडणी जिती हाय का म्हणून. ती बंद केलीय, साइट जोरात पळावी म्हणून."

"कुणी?"

"साहेबांनीच. मी लागले त्याच आठवड्यात."

"आन् तू काय लिहायलीस?"

"माफी. नोकरी राहू दे, आज्जी."

मला लय राग आला. साहेबाचा कमी, तुमचा जास्ती. म्हणलं, "खोड ते. ओळ कुणी बंद केली तेवढं लिही. तुझ्या पायानं काय बी विझलं न्हाई." नाक ओढत ओढत पोरीनं तसं लिहून धाडलं. नोकरी राहती का जाती, ठाव न्हाई. अजून तिकडून जवाब न्हाई.

हे पत्र टाकू कुठं? राहील पिठाच्या डब्याखाली. एक सांगते. तुमी गेल्या त्या दिवशी तिरडीपुढं न्यायचं इस्तवाचं मडकं तुमच्या लेकाच्या हातात द्यायच्या आधी मी वाकून आत फुंकर मारली. लाल झाला, मगच दिलं. बाया म्हणल्या, सून वाकून रडायलीय. रडत नव्हते. वाटंत विझला असता तर परत माझाच पाय निघाला असता.

तुमचा लेक बी आता तिकडंच हाय. त्याला मधी घालायचं न्हाई. जवाब तुमीच द्यायचा.