आपल्या धुराड्याचा धूर

प्रिय आईस, मनोऱ्यावरून सेलेस्तिनोचा नमस्कार.

मी मजेत आहे. विजा सुरू झाल्या की झटका बसू नये म्हणून काचेच्या पायांच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसतो आणि जंगलात कुठे आग लागली का ते बघतो. बोलायला फक्त वायरलेस आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल दुर्बिणीतून खाली धूर दिसला. आग म्हणून वायरलेसवर कळवणार, एवढ्यात ओळखलं, आपलंच धुराडं. वीज टळावी म्हणून तू झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली आशीर्वादाची पानं चुलीत घातली असणार. कळवलं नाही. नुसता बघत बसलो.

पण घरामागचा डोंगर गेल्या वर्षी जळलाय, आता तो पाणी धरणार नाही, जोराचा पाऊस झाला की चिखलासकट घरावर येईल. ढग आले की पानं राहू देत, वर एलोइसामावशीकडे जा. तुमचा दोघींचा अबोला पाऊस संपल्यावर पुन्हा धर.

मग धूर दिसणार नाही, आणि मला इथून बघण्यासारखं काही उरणार नाही. चालेल मला.

तुझाच,
सेलेस्तिनो